तुमच्या घरातली मलमं, लेप, तेलं : अनुभव लिहा

तांबडीमाती
काल वेंगुर्ल्याच्या मावशीनं ओळखीच्या एकांबरोबर खोकं पाठवलं. कुळथाची पिठी, सोलं, फणसाची साठं आणि तळाशी कागदात गुंडाळलेला भिरंडेलाचा, म्हणजे कोकमतेलाचा, गोळा. पिवळट पांढरा, वर मावशीच्या बोटांचे वळ. तो हातात घेतल्याबरोबर आजोळ आठवलं. थंडीत रात्रीची जेवणं झाली की आजी सगळ्यांना पडवीत बसवायची. पाय कोमट पाण्यानं धुवायचे, वज्रीनं घासायचे, कोरडे करायचे. मग पळीत भिरंडेल पातळ करून कापसाच्या बोळ्यानं एकेक भेग भरायची. वर जुन्या धोतराची पट्टी.

तेल ती घरीच काढायची. रातांब्याच्या बिया उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या असत. त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, तेल वर तरंगलं की काढून घ्यायचं आणि थिजत आलं की मुठीत वळायचं. एरवी घट्ट राहतं, कातडीवर चोळलं की पाघळतं.

तुमच्याकडे काय असायचं? कसं करायचे, कशाला लावायचे, आणि कशाला लावायचे नाहीत तेही लिहा. आमच्या आजीला ते पक्कं ठाऊक होतं. भेग सुजली, पू दिसला की भिरंडेल बंद आणि सरळ डॉक्टर.

गवतीचहा
आमच्याकडे रत्नागिरीत मुठेल म्हणतात. ओठांना, टाचांना, सगळ्याला. आणि पोटात आव झाली की आई गरम मऊ भातावर मुठेल किसून द्यायची. चव काही खास नाही पण भात छान लागायचा.

दोडकाशिरा
तांबडीमाती, फणसाची साठं अजून शिल्लक आहेत का? मलमाचं नंतर बघू 😄

तांबडीमाती
दोडकाशिरा, दोनच उरली आहेत, या लवकर.

काळीभोर
आम्ही देशावरचे, आमच्याकडे राळेचं मलम. आजोबा करायचे. तिळाचं तेल तापवायचं, त्यात राळेची बारीक पूड विरघळवायची, गाळून घ्यायचं आणि निवत आलं की परातीत गार पाणी घेऊन त्यात ओतायचं. मग तळहातानं फेटत बसायचं. पाणी बदलायचं, परत फेटायचं. हळूहळू ते पिवळं तेल पांढरं होत जातं आणि लोण्याएवढं मऊ येतं. लहानपणी फेटायचं काम आम्हा भावंडांकडे, भांडणं व्हायची कोण फेटणार म्हणून. काचेच्या बरणीत, वर थोडं पाणी ठेवून झाकायचं. पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो.

भाजून झालेली जखम सुकायला लागली की, मांड्या घासून लाल झाल्या की, बाळंतिणीच्या अंगावर पुरळ आलं की हेच. लावल्या लावल्या गार वाटायचं. वारीला निघणारी माणसं आमच्याकडून डबीत भरून न्यायची. चालून चालून पायाला फोड येतात त्यासाठी. आजोबांनी कधी पैसे घेतले नाहीत. फार वाटतं की त्यांच्याकडून मापं लिहून घ्यायला हवी होती, पण ते ओंजळीनं मोजायचे.

सुईदोरा
काळीभोर, किती सुंदर लिहिलंत. वारीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

पाटावरवंटा
+१. राळ कुठे मिळते हल्ली?

काळीभोर
काष्ठौषधीच्या दुकानात. पुण्यात मंडईच्या आसपास मिळते. खडे घ्या, पूड घरी करा, पुडीत भेसळ असते कधीकधी.

मैदानी
दगडी पाला कुणी लिहिला नाही अजून?? कबड्डी खेळताना गुडघा फुटला की शाळेच्या कुंपणाला जायचं, पाला तोडायचा, तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. झोंबायचं पण रक्त थांबायचं. मास्तर स्वतः लावून द्यायचे. आता माझ्या मुलाच्या शाळेत सिमेंटचं अंगण आहे, पाला दिसतच नाही.

रानवाटा
दगडी पाला म्हणजेच एकदांडी. लांब दांड्यावर एकच पिवळंपांढरं फूल. रस्त्याकडेला, पडक्या भिंतीवर, कुठेही उगवतो. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण इतका रुळला की आपलाच वाटतो. फक्त आता रस्त्याकडेचा लावू नका, तिथे गाड्यांचा धूर, कुत्री, फवारणी सगळं असतं. कुंडीत सहज येतो.

मैदानी
खरंय. आणि गंजक्या पत्र्यानं, खिळ्यानं लागलं तर पाला लावूनही धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला न्यायचेच. मास्तर स्वतःच्या सायकलवरून दवाखान्यात न्यायचे.

दवाखान्यातून
जेवायच्या सुट्टीत वाचतेय. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस आहे. सगळ्यांचं प्रेमानं वाचतेय, माझ्याही घरी सहाण आहे. पण एक कळकळीनं सांगते. भाजलं की पहिल्यांदा वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, शाई नाही. कातडीत अडकलेली उष्णता पाण्यानंच निघते. वरून तेलतूप थापलं की ती आत राहते आणि आम्हाला ते खरवडून काढावं लागतं. पोरं काय किंचाळतात हो त्या वेळी. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. काळीभोर यांनी "सुकायला लागली की" लिहिलंय ते अगदी बरोबर, मलमाची वेळ नंतरची.

दुसरं, कुत्रं चावलं तर मिरची, चुना, तेल काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी लस. तिसरं, मधुमेह असेल तर पायाच्या लहानशा जखमेवरही घरचे प्रयोग नकोत. पेशंट आले, पळते.

सुईदोरा
डॉक्टर, हे घरातल्या सगळ्यांना पाठवतेय. सासूबाई कणीक लावतात भाजल्यावर 🙏

माजघर
शतधौत घृत! तांब्याच्या परातीत गाईचं तूप, थोडं पाणी, तांब्याच्या पेल्याच्या बुडानं फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, परत नवीन पाणी. असं शंभर वेळा. तुपाचा वास जातो, रंग पांढराशुभ्र होतो, हाताला तुपकट लागत नाही. माझी नणंद दर उन्हाळ्यात करते आणि सगळ्या बहिणींना डबी देते. उन्हानं लाल झालेली कातडी, कोरडे कोपरे, बाळाच्या गालावरचं खरखरीत, यावर इतकं छान काही नाही. शंभर म्हणजे शंभरच, ती मोजताना कुणाशी बोलत नाही. आम्ही मुद्दाम बोलायला जातो 😄

गवतीचहा
माजघर, फ्रीजमध्ये ठेवायचं का?

माजघर
हो, आणि थोडंच करायचं. आत पाण्याचा अंश राहतो, उन्हाळ्यात खवट होतं.

जर्मनीकर
फ्रँकफर्टजवळ राहतो. इथल्या औषधांच्या दुकानात रिंगेलब्लुमे नावाच्या केशरी फुलाचं मलम मिळतं. म्हणजे कॅलेन्डुला. शेजारच्या आजीबाई घरी करतात, फुलं तेलात मुरवून त्यात मधमाश्यांचं मेण. मला डबी दिली तेव्हा हात थंडीनं फुटले होते, बरे झाले. त्यांना मी आईनं पाठवलेलं कोकमतेल दिलं, त्या इतक्या खूश झाल्या, दर नाताळात विचारतात.

रानवाटा
जर्मनीकर, वा! इथे वाचणाऱ्यांसाठी, आपला दसऱ्याचा झेंडू वेगळा. त्याला कॅलेन्डुला समजून तेलात घालू नका. बाजारात दोन्ही एकाच नावानं विकतात.

पाटावरवंटा
मेणाचं प्रमाण काय हो?

माजघर
मी करते. एक भाग मधमाश्यांचं मेण, पाच ते सहा भाग तिळाचं तेल. उन्हाळ्यात पाच, थंडीत सहा. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, थेट आचेवर नाही. कडुलिंब वगैरे घालणार असाल तर पाला पूर्ण वाळवून मग तेलात मुरवा. ओला पाला गेला की बुरशी धरते. बरणी कोरडी, बोट कोरडं. मेणबत्तीचं मेण चालत नाही!

हिरवाचाफा
शेजारच्या काकूंनी सुनेच्या गुडघ्यावर बिब्बा लावला होता. नुसता टोचून तेल लावलं. दुसऱ्या दिवशी फोड, पाणी, खाज, सगळा पाय सुजला. महिनाभर डाग होता. बिब्ब्याच्या तेलानं धोबी कपड्यांवर खुणा करायचे, त्या कधी निघत नसत. ते कातडीवर काय करेल? कृपा करून कुणीही बिब्बा स्वतः लावू नका. वैद्यसुद्धा तो आधी शुद्ध करून घेतात.

काळीभोर
अगदी. काट्याच्या जागी बिब्ब्याचा चटका देणारी माणसं होती गावात, तीही लावण्याआधी भोवती खोबरेल चोळायची. आणि रुईचा चीक. काटा वर येतो म्हणून लावतात, तोच हात डोळ्याला गेला तर फार वाईट.

मैदानी
मुका मार = आंबेहळद + रक्तचंदन + थोडी तुरटी. सहाणेवर उगाळून पळीत कोमट करायचं. जाड लेप. सुकला की ओढतो, ती ओढ बरी वाटते. पांढरा सदरा घालून झोपू नये एवढंच.

सुईदोरा
आमच्याकडे मुरगळल्यावर निर्गुडीचा पाला वाफवून बांधायचे. घरभर वास. बाबांचा घोटा मुरगळला होता तेव्हा आत्या रोज संध्याकाळी पाला घेऊन यायची आणि बांधता बांधता तासभर गप्पा मारायची. बाबा म्हणायचे अर्धा घोटा गप्पांनी बरा झाला. आत्या मागच्या वर्षी गेली.

तांबडीमाती
सुईदोरा ❤️

गवतीचहा
मिठी तुला.

जुनापेठकर
हळदीचं लिहितो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेचे प्रमुख. त्यांनी आव्हान दिलं. नुसतं "आमच्या आज्या लावायच्या" म्हणून चालत नाही, छापील पुरावा लागतो. संस्कृत ग्रंथ काढले, १९५३ सालच्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख काढला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल कोश उभा राहिला तो याच अनुभवातून. म्हणून मला वाटतं, काळीभोर, ओंजळीची मापंसुद्धा लिहून ठेवा. आठवेल तेवढी.

काळीभोर
लिहितो. धाकट्या काकांना विचारून येत्या रविवारी करून बघतो, ग्रॅममध्ये मोजून इथे टाकतो.

पाटावरवंटा
वाट बघते!

खोबरेल
अंगावर पित्त उठलं की आमसुलं भिजवून ते पाणी लावायचं. आई अजूनही लावते. खाज थांबते थोडा वेळ. पण एकदा भावाचे ओठ सुजले, श्वास लागला, तेव्हा आईनं वाटी बाजूला ठेवून रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात.

दोडकाशिरा
भिजवलेल्या आमसुलांचं पुढे सार करता येईल का 😄

खोबरेल
दोडकाशिरा तुम्ही उपाशी आहात का? 😄 घरी या, ताज्या आमसुलांचं करते.

दवाखान्यातून
परत आले. गजकर्णाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. टाकळ्याचं बी ताकात वाटून लावतात आमच्या भागात. त्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते दुकानातून विचारून घेतलेल्या ट्यूबनं, तीत स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश, आणि बुरशी आत पसरत राहते. मग महिनोन् महिने गोळ्या. टॉवेल, चादरी सगळ्यांचे वेगळे, उन्हात वाळवा. घरातल्या सगळ्यांना एकदम दाखवा.

भातखाचर
उशीर झाला, लावणी चालू आहे. आमच्या पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यात. दिवसभर चिखलात उभं राहायचं म्हटल्यावर होणारच. लावणी सुरू व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या बायका तळपायांना, बोटांच्या मध्ये मेंदी लावतात. परसातली, वाटलेली, रात्रभर. पुरुषही लावतात, गुपचूप. कातडी थोडी कडक होते, चिखल कमी बाधतो. रात्री पाय धुऊन चुलीपाशी कोरडे करायचे आणि करंजाचं तेल. तेलापेक्षा कोरडं करणं महत्त्वाचं असं आमची आई म्हणते.

दवाखान्यातून
भातखाचर, आईंना नमस्कार सांगा. माझ्या पेशंटांना मी हेच सांगते.

गवतीचहा
कोनातली मेंदी चालेल का?

भातखाचर
नाही ओ ताई, त्यात कसला कसला रंग असतो. फुटलेल्या कातडीवर तर नकोच. पाला लागतो. तुम्हाला हवा असेल तर फांदी लावायला देते, पावसात लगेच धरते. कुठे राहता?

गवतीचहा
चिपळूणला! तुम्ही?

भातखाचर
मग जवळच की. मी संगमेश्वराकडची. शनिवारच्या बाजाराला येते, फांद्या ओल्या फडक्यात बांधून आणते. विपूत (विचारपूस पानावर) बोलू. पाऊस उघडलाय, खाचरात जाते.