बाबांचं मूत्राशयाचं ऑपरेशन पुढे ढकललंय, थांबावं की दुसरीकडे हलवावं?

वारणाकाठचा (६ ऑगस्ट २०२०, रात्री ११:४०)
लोकहो, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. बाबा ६४, आम्ही सांगली जिल्ह्यातले. फेब्रुवारीत लघवी लाल झाली, दुखत काहीच नव्हतं, आई म्हणाली उन्हाळी लागली असेल आणि धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं, चार दिवसांत आपोआप थांबलं, मग लॉकडाऊन लागला आणि विषयच संपला. जूनमध्ये परत रक्त, ह्यावेळी गुठळ्या. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ. ९ जुलैला दुर्बिणीतून खरवडून काढली, बायोप्सीत कॅन्सर निघाला, हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक) आणि मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेला. सीटीत बाकी कुठे पसरलेलं नाही. सर्जन म्हणाले पूर्ण मूत्राशयच काढावं लागेल, आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटल कोविडला गेलं. आता म्हणतात "दिवाळीनंतर बघू, तोवर घरीच सेफ". पुण्या-मुंबईला न्यायचं तर तिकडच्या बातम्या बघूनच हातपाय गळतात. किती थांबलेलं चालतं? कोणी ह्यातून गेलंय का?

चहाबाज (७ ऑगस्ट, सकाळी ८:०५)
थांबा हो दादा. माझ्या मामाचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन मार्चपासून लटकलंय, ठणठणीत आहे माणूस. आणि लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलेलं वाचा, ऑपरेशन झालेले २४ देशांतले ११२८ पेशंट, त्यातले २३.८ टक्के महिनाभरात गेले. ऑपरेशन करून कोविड घरी आणायचा कशाला?

निशिगंध (७ ऑगस्ट, सकाळी ९:३०)
माझ्या आईच्या किडनीत २.८ सेंमीची गाठ आहे, एप्रिलची तारीख रद्द झाली, जुलैत परत सीटी केला तर आहे तेवढीच. पण आमच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं की ४ सेंमीच्या आतली गाठ बहुतेक वेळा वर्षाला काही मिलिमीटरच वाढते म्हणून थांबतोय, गाठ किडनीतून मोठ्या शिरेत चढलेली असती तर लॉकडाऊनमध्येच टेबलावर घेतलं असतं. त्यामुळे माझ्या आईवरून नि चहाबाजांच्या मामांवरून तुमच्या बाबांचं ठरवू नका प्लीज.

भूलवाली (७ ऑगस्ट, दुपारी ३:१५)
ऑपरेशन थिएटरमध्ये भूल द्यायचं काम करते, सर्जन नाही, त्या हिशोबाने वाचा. चहाबाज, मामांचा ग्लिसन स्कोर (प्रोस्टेटचा कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा) ३+३, म्हणजे सौम्य, आहे ना? त्याला एरवीसुद्धा पीएसए ही रक्ताची तपासणी बघत नुसतं लक्ष ठेवतात. त्याहून वरच्या ग्रेडचं प्रोस्टेट असेल तरी हार्मोनचं इंजेक्शन देऊन काही महिने काढता येतात. मूत्राशयात स्नायूपर्यंत गेलेल्याला ती सवलत नाही. तिथे निदानापासून १२ आठवड्यांच्या पुढे ऑपरेशन गेलं की निकाल बिघडतात, हे कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ९ जुलैपासून मोजा, १ ऑक्टोबरला १२ आठवडे होतात. दिवाळीनंतर म्हणजे फार उशीर.

आणि तो २३.८ चा आकडा सगळ्या ऑपरेशनवाल्यांचा नाहीये. ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला फक्त त्यांचा आहे, शिवाय त्यात इमर्जन्सीवालेच भरपूर. टाटा मेमोरियलने २३ मार्च ते ३० एप्रिल ऑपरेशनं चालू ठेवली, ४९४ केली, नंतर ६ जण पॉझिटिव्ह निघाले, मृत्यू एकही नाही. म्हणजे घाबरायचं ते कोविड अंगात असताना टेबलावर जायला. आधी आरटी-पीसीआर, त्याआधी दोन आठवडे बाबा घराबाहेर नाहीत आणि घरात पाहुणे नाहीत (हे जमवणं सगळ्यात अवघड, अनुभवाने सांगते).

अजून एक, केमोचं कोणी बोललं का? क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) चांगलं असेल तर ऑपरेशनच्या आधी सिस्प्लॅटिन ह्या औषधाची केमो देतातच, ३-४ सायकल. ती सुरू झाली की रोगावर उपचार चालू झाला, नुसतं हातावर हात धरून बसणं थांबतं. पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून कोविडच्या काळात तोलून मापून देतात, पण विचारा. केमो-रेडिएशन देऊन मूत्राशय वाचवायचा मार्गही काहींना लागू पडतो.

लेस्टरकर (७ ऑगस्ट, रात्री १०:५०)
इकडे इंग्लंडमध्ये एप्रिलपासून प्रत्येक ऑपरेशनला नंबर लावलाय. १ म्हणजे २४ ते ७२ तासांत, २ म्हणजे ४ आठवड्यांत, ३ म्हणजे ३ महिन्यांपर्यंत, ४ म्हणजे त्याच्यापुढे गेलं तरी चालेल. रांगा इकडेही आहेतच, पण निदान आपण कितव्या खणात आहोत ते कळतं. तुमच्या सर्जनला तेच विचारा, "किती आठवडे चालेल ते आकड्यात सांगा आणि फाइलवर लिहून द्या". लिहायची वेळ आली की 'दिवाळीनंतर बघू' बंद होतं.

चहाबाज (८ ऑगस्ट, सकाळी ७:४०)
भूलवाली ताई, ३+३ च आहे, आत्ताच मामीला फोन करून विचारलं. माझे शब्द मागे. वारणाकाठचा, दुसरीकडे न्या.

वारणाकाठचा (८ ऑगस्ट, दुपारी १:००)
आभार सगळ्यांचे. केमोचा विषय कोणीच काढला नव्हता. खरी अडचण वेगळीच आहे, मूत्राशय काढलं की लघवीसाठी पोटावर पिशवी लागते, बाबा म्हणतात ती लावून जगण्यापेक्षा आहे तसा जातो, आणि ऑपरेशन पुढे गेलं म्हणून ते मनातून खूशच आहेत.

पिशवीवाला (८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०)
खास ह्यासाठी लॉगिन केलं. ५ वर्षं झाली पिशवी लावून. रोज रानात जातो, मोटरसायकल चालवतो, गेल्या वर्षी पुतण्याच्या वरातीत नाचलो, शर्टाखाली कोणाला कळत नाही. पहिले दोन महिने चिकटपट्टीची सवय होईपर्यंत वैताग येतो, रात्री मोठी पिशवी जोडायची म्हणजे झोपमोड नाही. बाबांना फोन करायला लावा, मेसेजमध्ये नंबर देतो, मुलाचं ऐकत नाहीत माणसं, माझं ऐकतील.

आणि जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासला कारण मेडिकल टाका, डॉक्टरची चिठ्ठी जोडा. जन आरोग्य योजना मे महिन्यात सगळ्यांना लागू केलीय, पांढरं कार्ड असलं तरी, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

वारणाकाठचा (२७ ऑगस्ट, रात्री ९:१०)
अपडेट. कोल्हापुरात दाखवलं, तिथे कोविडचा मजला आणि जिना दोन्ही वेगळे आहेत. क्रिएटिनिन १.१ निघालं, १९ तारखेला पहिली केमो झाली. अजून दोन, ९ आणि ३० सप्टेंबरला, आणि ऑपरेशन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मी आधी भडकलोच, म्हटलं शेवटी दिवाळीच आली ना, तर डॉक्टर म्हणाले आता केमो चालू आहे, हे वाट बघणं नव्हे, फक्त केमो संपल्यावर रेंगाळायचं नाही. तारीख फाइलवर लिहून घेतलीय (लेस्टरकर, थँक्यू).

बाबा पिशवीवाल्या काकांशी पाऊण तास बोलले, त्यातली चाळीस मिनिटं उसावर. होकार दिलाय. उलट्या झाल्या दोन दिवस, काल गौरीच्या जेवणात मात्र अर्धी पुरणपोळी खाल्ली. यंदा दारात कोणालाच घेतलं नाही, आत्या रुसलीय.

एकच काम आहे, ऑपरेशनला रक्त लागणार आणि शिबिरं बंद असल्याने ब्लड बँकेत साठा कमी आहे. बाबांचं बी निगेटिव्ह. कोल्हापूर-सांगली भागात कोणी असेल तर मेसेज करा.