ॲपमुळे तपासायचा वेळ वाचला, पण मुलांचं अडतंय कुठे ते कसं ओळखायचं?

गणिताच्या_बाई
सहावी-सातवीला गणित शिकवते. हल्ली चाचण्या सगळ्या गुगल फॉर्मवर घेते, आपोआप तपासून मार्कांची शीट तयार, वह्यांचे गठ्ठे घरी न्यायची कटकट संपली आणि त्याचं खरंच सुख आहे. पण एक गोष्ट सारखी खटकतेय. वहीत १/२ + १/३ = २/५ दिसलं की लगेच कळायचं, हा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय. कुणी खाडाखोड करत करत बरोबर उत्तराला पोचलेलं असायचं, तेही दिसायचं. आता कोण चुकलं तेवढं समजतं, का चुकलं ते नाही, मग दुसऱ्या दिवशी शिकवायला सुरुवात कुठून करायची? परत वह्यांवर जायची तयारी आहे पण तुकड्या तीन आहेत हो. तुम्ही लोक कसं करता?

फळा_आणि_खडू
ताई, फॉर्म सोडू नका, पर्याय बदला. चुकीचे पर्याय आपण उगाच काहीतरी आकडे टाकून भरतो, त्याऐवजी प्रत्येक पर्यायामागे मुलं खरंच करतात अशी एक चूक ठेवायची. तुमचं २/५ पर्यायात असलंच पाहिजे. दशांशाचं सांगतो, ०.३५ आणि ०.८ मध्ये मोठं कोणतं विचारलं की ०.३५ म्हणणारा ३५ आणि ८ ची तुलना करतोय हे उघड आहे. पण ०.८ म्हणणाऱ्या सगळ्यांना समजलंय असं धरू नका, काहींना वाटतं अंक कमी म्हणजे संख्या मोठी! त्यांच्यासाठी ०.३ आणि ०.४५ अशीही जोडी द्या, तिथे ती मुलं ०.३ म्हणतात आणि लगेच सापडतात. असा एक प्रश्न बनवायला वेळ लागतो पण तो दरवर्षी वापरता येतो.

संध्याकाळची_शिकवणी
वरचं पटलं, पण पायऱ्या बघायला कागदच लागतो. मी तास संपताना अर्ध्या कागदावर एकच गणित सोडवून घेते, मार्क देतच नाही, फक्त चुकांच्या प्रकाराप्रमाणे ढीग लावते. पटकन होतं आणि उद्याचा तास तिथेच ठरतो. मार्क न देण्यालाही कारण आहे. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, त्यात ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत मार्क दिले तर शेऱ्याचा फायदा दिसला नाही. वर्गात बघा ना, मूल आधी आकडा बघतं आणि कागद दप्तरात कोंबतं.

सातवा_तास
वाचलेला वेळ जातो कुठे तेही बघा. माझा पालकांच्या ग्रुपवर जायचा, रात्री नऊला सुद्धा 'सर उद्या काय आणायचं'. आता उत्तरं ठरलेल्या वेळीच देतो, तसं पालकांना आधीच कळवलंय. एवढ्यानेच पेपर सलग तपासता येतात, नाहीतर दर मेसेजनंतर परत पहिल्यापासून वाचायला लागायचं.

गणिताच्या_बाई
अर्ध्या कागदाचं उद्याच करते, तिन्ही तुकड्यांना एकदम नाही, रोज एक. आणि @फळा_आणि_खडू, ०.३ आणि ०.४५ वाली जोडी माझ्या डोक्यातच आली नव्हती. ऋण संख्यांसाठी असे प्रश्न केले असतील तर इथेच टाका ना, पुढचा धडा तोच आहे.