मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेला १९३९ चा चांदीचा रुपया अस्सल आहे का? (नागपूर)

महालकर
नमस्कार मंडळी. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया ऑनलाइन मागवला आहे. परतीला तीनच दिवस उरलेत, म्हणून घाईने विचारतोय. घरी एवढं पाहून झालं: वजन ११.६४ ग्रॅम (काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो), व्यास ३०.५ मिलिमीटरच्या आसपास, चुंबकाला चिकटत नाही. विक्रेत्याचं म्हणणं, वजन बरोबर, चांदी बरोबर, म्हणजे नाणं बरोबर. इतवारीत सराफाकडे कसोटीवर घासून घेऊ का?

जुनी टाकसाळ
भाऊ, कसोटीवर अजिबात घासू देऊ नका, तेजाबाचा थेंबही नको. कडेवर एक चरा पडला की नाणं खरं निघालं तरी संग्राहक किंमत पाडून मागतो. शिवाय तसं नाणं विक्रेता परत घेणार नाही. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट यांपासूनही लांब ठेवा.

धातू घरीच तपासता येतो. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा, तळाला आणि काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येईल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवं. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला साधारण ९.५ येतं, जर्मन सिल्व्हरला (नावातच चांदी, आत नाही) त्याहून कमी. कडेच्या दात्यांत हवेचे बुडबुडे अडकले की उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका.

महालकर
लगेच करून पाहिलं. तीनदा १.१३ ग्रॅमच आलं, म्हणजे १०.३. मग अस्सल धरू?

धरमपेठेतलं भिंग
नाही! या नाण्याची खरी मेख इथेच आहे. १९३८ चा रुपयाही एक तोळ्याचा, तेवढ्याच चांदीचा आणि तशाच दातेरी कडेचा. तो त्यामानाने सहज मिळतो, १९३९ चा दुर्मीळ. म्हणून लबाड माणूस नाणं ओततच नाही. खरं १९३८ चं नाणं घेतो आणि शेवटच्या इंग्रजी आठाच्या खालच्या वेटोळ्याची डावी बाजू कोरून काढतो. उरतो तो नऊ. असं नाणं वजन, पाणी, चुंबक या सगळ्या परीक्षांत पास होणार, कारण चांदी खरीच आहे, खोटं आहे ते फक्त साल. हॉलमार्क केंद्रातलं कॅरेटमीटरही यात काही सांगू शकत नाही. ते पृष्ठभागाची चांदी मोजतं, साल वाचत नाही.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्चचा उजेड एका बाजूने, जवळपास आडवा पाडा. सालात दोन नऊ आहेत, हे आपल्या पथ्यावर पडतं. दुसऱ्या आणि चौथ्या जागेवरचे नऊ आलटूनपालटून बघा: वरच्या वेटोळ्याची गोलाई, शेपटीची जाडी, तिचं टोक कुठे संपतं, पृष्ठभागापासूनची उंची. मग शेवटच्या नवाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातली सपाट जागा बघा. तिथे बारीक ओरखडे, किंचित खळगा किंवा आजूबाजूच्यापेक्षा वेगळी चकाकी दिसली तर तिथे हत्यार फिरलंय. जुनी काजळी चारी बाजूंना सारखी आणि तेवढीच जागा गोरी, हीदेखील वाईट खूण.

जुनी टाकसाळ
ताईंच्या मुद्द्याला जोड. सराफा बाजारातून १९३८ चा एखादा झिजलेला रुपया घ्या आणि शेजारी ठेवून जुळवा. आकडा चिकटवलेला वाटला तर नाणं काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस नको. चांदीला काही होत नाही, गोंद मात्र सुटतो. नेलपॉलिश काढायचं रंगीत पाणी चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात.

कडही पाहा. मधोमध गोल खाच असलेली सुरक्षा कड १९४० च्या रुपयांपासून आली. १९३९ च्या नाण्याला ती असेल तर पुढे तपासायचीही गरज नाही. आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं डावीकडून उजवीकडे उलटा, मागची बाजू सरळ यायला हवी. कडेवर सांध्याची रेघ, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, अशा खुणा ओतीव नकलेच्या.

महालकर
कड ठीक आहे, दाते सलग, खाच नाही. पण शेवटच्या नवाची शेपटी पहिल्याहून बारीक आहे आणि टोक तिरकं तुटल्यासारखं दिसतं. त्याच्या डावीकडे आडव्या उजेडात तीन-चार समांतर रेघा आहेत. बाकी पृष्ठभागावर तशा कुठेच नाहीत.

धरमपेठेतलं भिंग
समांतर रेघा आणि तुटकी शेपटी, दोन्ही एकाच कोपऱ्यात. परत करा. आजच त्या जागेचे फोटो काढा: एक सरळ उजेडात, दोन आडव्या उजेडात, शेजारी मोजपट्टी. काट्यावरच्या आकड्याचाही घ्या. परतीचं कारण लिहिताना 'चांदी नकली' असं लिहू नका, ते खोडून काढणं त्यांना सोपं जाईल. 'सालाचा शेवटचा अंक बदललेला आहे' असं लिहा. पाकीट बंद करताना सलग व्हिडिओ घ्या, त्यात नाणं आणि पत्त्याची चिठ्ठी दोन्ही दिसू द्या. पैसे अडवले आणि फसवणूक उघड असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मधेच कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागितला तर एक पैसाही देऊ नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, असं बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय.

महालकर
फोटो काढले, परतीचा अर्ज टाकलाय. पुढचा रुपया एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्यांच्या डबीतला घेतला तर?

जुनी टाकसाळ
चालेल, पण डब्याही नकली निघतात. डबीवरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाका. तिथे फोटो असेल तर नाण्यावरचा एखादा डाग किंवा ओरखडा हातातल्या नाण्याशी जुळवा. नंबर खरा आणि आत नाणं दुसरंच, असंही होतं.