कुंडी बदलल्यापासून पॉइन्सेटिया मान टाकून आहे

निशिगंधा (प्रश्न)
आईने आजारपणातून उठल्यावर स्वतः आणून दिलेलं झाड आहे, त्यामुळे ते जाऊ द्यायची माझी तयारी नाही. आणलं तेव्हा लालभडक होतं. कुंडी लहान वाटली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी जवळजवळ दुप्पट मोठ्या कुंडीत लावलं. मुळांभोवतीची जुनी माती नळाखाली धुऊन काढली, बागेतली माती दाबून भरली, वर मूठभर शेणखत. चौथ्या दिवशी पानं लोंबली. तहान लागली असेल म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतेय. आता खालची पानं पिवळी होऊन नुसता हात लागला तरी गळतात, लाल पानंही कडेने वाळली आहेत. कुंडी सरकवली की बारीक काळी चिलटं उडतात. आणखी थोडं खत देऊ का?

मूळमाती
खत अजिबात नको, आणि आज पाणीही नको.

माती ओली असताना पानं लोंबत असतील तर पाणी कमी पडलेलं नसतं, मुळांना ते ओढता येत नसतं. धुताना केसासारखी बारीक मुळं तुटली असणार, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. उरलेल्या मुळांना एवढ्या मोठ्या कुंडीतली ओल संपवता येत नाही, दाबलेल्या मातीत हवा जात नाही आणि मुळं कुजू लागतात. चिलटंही त्या ओलीवरच वाढतात.

झाड अलगद बाहेर काढून बघा. पांढरं, कडक मूळ जिवंत आहे. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढा. साल निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला तर ते कुजलंय, स्वच्छ कात्रीने कापून टाका. मग उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं रुंद, तळाला भोक असलेली कुंडी घ्या. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड रेती मिसळून सैल भरा. कापताना पांढरा चीक येईल, तो कातडीला खाजतो. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

सावलीतली
आधी खोड नखाने जरासं खरवडा. आत हिरवं असेल तर झाडात जीव आहे. थेट ऊन नको, पण खिडकीजवळचा भरपूर उजेड हवा. १८ ते २२ अंश त्याला मानवतं, गार वाऱ्याच्या झोतात पानं टाकतं. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल पांघरा आणि रोज थोडा वेळ ती काढून ठेवा, मुळं सावरेपर्यंत पानांतून पाणी कमी उडेल.

मी तर फांद्या लगेच १५ सेंटिमीटरवर छाटेन, म्हणजे मुळांवरचा भार कमी होईल.

मूळमाती
छाटणीची घाई करू नये असं मला वाटतं. मुळं तुटलेली असताना उरलेली हिरवी पानंच झाडाला जगवतात. वाळलेलं तेवढं काढा. फांदीवरचे डोळे, म्हणजे नवे कोंब फुटतात ते उंचवटे, फुगू लागले की प्रत्येक फांदीवर तीन-चार डोळे ठेवून छाटा.

निशिगंधा
काढलं बाहेर. निम्म्याहून जास्त मुळं तपकिरी होती, साल अगदी तुम्ही म्हणालात तशी निसटली. वासही कुबट. पण खोडाच्या बुडाशी एका बाजूला पांढऱ्या मुळांचा झुपका सापडला. नखाने खरवडलं तर आत हिरवं आणि चिकाचा ठिपका आला, तेव्हा फार बरं वाटलं. आधीच्या लहान कुंडीतच लावलंय, छाटलेलं नाही. आता बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी.

पुन्हा लाल होईल ना?

सावलीतली
होईल, पण त्याला वेळ आहे. लाल दिसतात ती पानंच, खरी फुलं मधली पिवळी बोंडं. लाली यायला आठ-दहा आठवडे रोज सलग १४ तास गडद अंधार लागतो, मध्ये दिवा लावला तरी बिनसतं. पण दिवसा उजेड भरपूर हवा. आधी अंगावर चांगली पानं येऊ देत.

निशिगंधा
अठरा दिवस झाले. पाणी तीनदाच दिलं, चिलटं गेली. सगळी जुनी पानं गळली, दोन लाल तेवढी उरलीत. आज सकाळी खालून दुसऱ्या डोळ्यातून मोहरीएवढं तांबूस टोक बाहेर आलंय. आईला फोटो पाठवला. छाटणीला अजून आठवडाभर थांबते.