काल्पनिक दलदलवासी जमात: घर, चूल, मासे खान्देशात कसे बसवावेत?

पूर्णाकाठ
राम राम मंडळी. कादंबरीसाठी 'गाळवे' नावाची जमात रचतोय. जागा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाजवळची, काळ हतनूर धरणाच्या फार आधीचा, दलदल पदरची. ठरवलंय ते असं: बांबूच्या खांबांवर घरं, बारमाही मासेमारी, फिरायला डोंगा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जलदेवतेची होडीतून मिरवणूक. खान्देशातला वाचक कुठे बोट ठेवेल? लग्नकार्य, देवदेव नंतर बघू.

रेगडी
मिरवणुकीवरच ठेवेल. आखाजीला पाणी तळाला गेलेलं असतं. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे, उघड्या पाण्यावरून दिवसाला जवळपास सेंटीमीटरभर उडून जातं, म्हणजे महिन्याला फूटभर. डोंगा चिखलात बसेल, देवी डोक्यावर न्यावी लागेल. आधी महिन्यागणिक पाण्याची पातळी कागदावर मांडा, मग सण.

दुसरं, खांब. बांबू कुजतो तो आज ओला, उद्या कोरडा होणाऱ्या पट्ट्यात. कायम गाळात गाडलेला भाग हवेअभावी बराच टिकतो. तुमच्याकडे पातळी वर्षभर वरखाली होणार, त्यामुळे मधला सगळा बांबू दोन-तीन वर्षांत भुसभुशीत. त्यात पुराबरोबर ओंडके येतात, एक बसला की घर गेलं. वस्ती धारेत नकोच. नदीनं सोडून दिलेल्या जुन्या पात्रात ठेवा. तिथं पूर चढतो, पण ओढ नसते.

बोरूबन
रेगडीभाऊंशी सहमत. खांब सोडा, बेटं करा. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरातले उरू लोक तोतोरा गवताच्या मुळांचे तरंगते ठोकळे दोरांनी एकत्र बांधतात आणि वर कापलेल्या तोतोराचे थर आडवे-उभे टाकतात. खालचा थर कुजत जातो, म्हणून वर नवा टाकत राहायचा. हे काम कधीच संपत नाही. गाळव्यांचा अर्धा दिवस यातच जाऊ द्या.

तुमच्या कामाची खरी गोष्ट मणिपूरच्या लोकटकमध्ये आहे. तिथली फुमदी, म्हणजे गवत, मुळं आणि कुजक्या पाल्याचे तरंगते थर, उन्हाळ्यात तळाला टेकायची, मुळं गाळातून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात पुन्हा वर यायची. १९८३ मध्ये इथाई बंधारा झाला, पाणी बारमाही उंच राहिलं, फुमदी तळाला टेकेनाशी झाली आणि पातळ होत गेली. म्हणजे वैशाखात बेट खाली बसणं हे गाळव्यांना संकट वाटायला नको, उलट त्याची वाट बघितली पाहिजे. बेट हलत नाही तेवढ्याच दिवसांत डागडुजी, चुली नव्यानं लिंपणं आणि लग्नं. ज्या वर्षी उन्हाळ्यातही पाणी उतरलं नाही, ते त्यांच्या लेखी वाईट वर्ष. कथानक इथंच सापडेल असं मला वाटतं.

कापणीचा नियम: पाणकणीस आणि बोरू पाण्याच्या वर वीतभर ठेवूनच कापायचा. खुंटातून खालच्या कंदाला हवा जाते. खुंट बुडाला तर कंद गुदमरून मरतो आणि पुढच्या साली तिथं काही उगवत नाही. पोरांना हे पहिलं शिकवतील. चूल मात्र सुक्या गवतावर मांडू नका! खाली वीतभर जाड मातीचा थर, त्यात वाळू भरपूर. नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि ठिणगी खाली उतरते.

पूर्णाकाठ
हे फार कामाचं. आता जळण आणि मासे?

मरळ
जळण म्हणजे म्हशीचं शेण. इराकच्या दलदलीतले लोकही म्हशी पाळतात, त्यांच्याच गोवऱ्या जाळतात. गोवऱ्या दिवाळी ते वैशाख थापायच्या, पावसाळ्यात वाळतच नाहीत. रास रचून वरून शेणानंच लिंपायची, नाहीतर श्रावणात धूरच धूर.

मासे बारमाही नकोत. मृगाच्या पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला उथळ पाण्यात चढतात, तेव्हा मुबलक. भर पुरात जवळजवळ काहीच नाही. कामट्यांचा सापळा दाखवाल तर तोंड आत निमुळतं होत जाणारं हवं आणि वरचा हातभर भाग पाण्याबाहेर. मरळ वर येऊन हवा घेते. सापळा पूर्ण बुडाला तर मेलेली सापडेल आणि त्या उन्हात तासाभरात वास मारायला लागेल. मरळीची तांबूस पिल्लं थव्यानं वर तरंगतात, आईबाप खाली राखण करतात. त्या काळात त्यांना मारायचं नाही, हा निषेध जमातीत सहज पटतो.

पीठ हवं असेल तर शिंगाडा आहेच. पाणकणसाचा कंदही चालतो: सोलून ठेचायचा, पाण्यात कोळायचा, दोऱ्या काढून टाकायच्या, पीठ तळाला बसलं की वरचं पाणी ओतून द्यायचं. बसू न देता ढवळून गाळलं तर हाती फक्त गढूळ पाणी येतं.

रेगडी
एक राहिलंच. मीठ, लोखंड आणि बांबू दलदलीत मिळत नाहीत. काठावरच्या आठवडी बाजाराशिवाय गाळवे जगू शकत नाहीत. त्यांना जगापासून तोडून 'आदिम' करू नका. वाळवलेले मासे आणि पाणकणसाच्या चटया देतील, ज्वारी-मीठ नेतील. आणि डोंगा हाकायच्या बांबूला टोकाशी आडवी काठी बांधा, तो गाळात कमी रुततो. तरीही रुतलाच तर आधी पिळून सैल करायचा, मग उपसायचा. सरळ ओढणारा माणूस डोंग्याबाहेर पडतो.