सेम्योन श्चेद्रिनची चित्रं सगळी एकसारखीच का वाटतात?

रंगवेडी: १८व्या शतकातले रशियन निसर्गचित्रकार बघतेय सध्या. श्चेद्रिनची गातचिना, पावलोव्स्क या राजवाड्यांच्या बागांची चित्रं फार आवडली पण प्रत्येकात तीच मांडणी, कडेला मोठं झाड, मधे पाणी, लांब राजवाडा. हा शिकवलेला साचा होता का?

कुंचला: हो, साचाच. पुढचा भाग तपकिरी, मधला हिरवा, लांबचा निळसर, युरोपात तेव्हा हेच चालायचं आणि तो पॅरिस, रोमला शिकून १७७६ला परत आला होता. शिवाय ही चित्रं राजवाड्यांच्या भिंतींसाठी, झार पाव्हेल पहिल्याच्या मिखाइलोव्स्की किल्ल्यासाठी तर त्याने मोठमोठी पॅनेल्स केली. भिंतीवरचं चित्र दालनाच्या सजावटीत बसायला हवं ना, मग झाड रंगमंचाच्या विंगेसारखं कडेला येणारच. पण त्याचं ते धूसर आकाश नीट बघा, खूप हळुवार आहे, मला तर तेच सगळ्यात जास्त आवडतं.

जुनाचष्मा: विंगेवरून आठवलं, फ्योदोर अलेक्सेयेव बघाच!! त्याला व्हेनिसला नेपथ्य शिकायला पाठवलेलं, परत येऊन थिएटरचे पडदे रंगवले, पुढे व्हेनिसची दृश्यं रंगवणाऱ्या कानालेत्तोच्या नकला करत करत शहरचित्रांकडे वळला. १७९४चं नेवा नदीकाठचं चित्र बघा, पाणी आणि हवा काय जमलीय, माझ्या मते श्चेद्रिनपेक्षा सरस.

रंगवेडी: दोघांनाही थँक्स! चित्रकार सिल्व्हेस्टर श्चेद्रिन हा सेम्योनच्याच घरातला का?

कुंचला: हो, पुतण्या. इटलीत राहून उघड्यावर रंगवायचा, त्याच्या चित्रांतून तो तपकिरीपणा हळूहळू गेला.