पुण्यातील ॲप-टॅक्सीचा अपघात : भरपाईचा दावा जळगावात करता येतो का?

प्रश्न – अमळनेरहून

माझी धाकटी बहीण पुण्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात रात्री कामावरून परतताना तिने ॲपवरून मागवलेल्या टॅक्सीने रस्त्याकडेला उभ्या ट्रकला मागून धडक दिली. मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला असून सध्या ती अमळनेरला घरी अंथरुणावर आहे. आम्ही सगळे दवाखान्याच्या धावपळीत असल्याने पोलिसांत केवळ नोंद झाली, गुन्हा दाखल झाला नाही. ॲपच्या कंपनीने भाडे परत केले आणि आता थोडी रक्कम देऊ करून एका कागदावर सही मागितली आहे. चालक आमचा नोकर नाही, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, असे तिचे म्हणणे आहे. कपाशीची वेचणी सोडून वडिलांना प्रत्येक तारखेला पुण्याला जाणे शक्य नाही. आम्ही काय करावे?

उत्तर – वकील, जळगाव

भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे त्या कागदावर सही करू नका. "पूर्ण व अंतिम तडजोड" अशा शब्दांखाली केलेली सही पुढे प्रत्येक सुनावणीत तुमच्यासमोर ठेवली जाईल.

पुण्याला जाण्याची गरज नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार अर्जदार जिथे राहतो त्या क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तुमची बहीण नोकरीसाठी पुण्यात असली, तरी आधार कार्ड, शिधापत्रिका अशा कागदांवरून अमळनेरचे वास्तव्य दाखवता आले, तर जळगाव जिल्ह्यात दावा चालू शकतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु त्या भरवशावर थांबू नये.

गुन्हा आजही दाखल होऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अपघात पुण्यात झालेला असला, तरी अमळनेरच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते आणि ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुण्याकडे वर्ग केली जाते. निष्काळजीपणे वाहन चालवणे आणि त्यातून गंभीर दुखापत होणे यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ व १२५ लागू होतात. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि वैद्यकीय कागद हेच दाव्याचे खरे बळ असते.

चालक, गाडीमालक आणि विमा कंपनी यांच्यासह ॲपच्या कंपनीलाही प्रतिवादी करा. ती मध्यस्थ आहे की नाही हे न्यायाधिकरण ठरवेल, तिच्या पत्रावरून आपण मान्य करण्याचे कारण नाही. कलम १६४ नुसार गंभीर दुखापतीसाठी कोणाचीही चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळतात. पण ती रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो, हे जाणूनच निर्णय घ्या. रॉड बसवावा लागलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत मी तरी घाईने ती रक्कम घेऊ देणार नाही.

उत्तर – धुळ्याहून

वकील साहेबांच्या म्हणण्यात माझ्या अनुभवातून एवढीच भर घालतो की ॲपमधील सहलीची नोंद आजच जतन करा. पावती, गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, मार्गाचा नकाशा, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार यांचे फोटो काढा आणि छापील प्रतीही ठेवा. माझ्या भावाच्या प्रकरणात गाडीची नंबर प्लेट पांढरी, म्हणजे खासगी होती, आणि ती भाड्याने चालवून अटी मोडल्या असे सांगत विमा कंपनीने हात वर केले. न्यायाधिकरणाने तिलाच आधी रक्कम भरून नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले, पण तिथपर्यंत पोहोचायला फार काळ गेला. तुमच्या गाडीची प्लेट पिवळी होती का, हे आधी पाहा.

प्रश्नकर्ता

प्लेट पिवळी होती. कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करता येईल का?

उत्तर – वकील, जळगाव

होय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे मुद्दा सेवेतील त्रुटीचा असतो : तक्रारीला उत्तर न देणे, प्रवाशाच्या विम्याची माहिती दडवणे, असे. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रवाशासाठी किमान ५ लाख रुपयांच्या विम्याची तरतूद आहे, म्हणून तिची पॉलिसी लेखी मागा. दवाखान्याचा तोच खर्च दोन्हीकडे मागू नका.

खर्चाची चिंता असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात बहिणीच्या नावाने अर्ज द्या. तिच्या पगाराच्या पावत्या गोळा करा आणि हाड जुळल्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून अपंगत्वाचा दाखला घ्या, कारण भविष्यातील उत्पन्नाच्या नुकसानीचा हिशेब पगार, वय आणि त्या टक्केवारीवर होतो. दाखला नंतर जोडता येतो, त्यामुळे अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.